वही, घड्याळ आणि पाळी



पुढारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ आणि हारतुरे येतात. आम्हांला मात्र पुढारीपण बांधावर सुरू होते असे वाटते, आणि तेही एका साध्या वहीपासून.

उसाला नत्र चार हप्त्यांत द्यायचे असते. लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के. आता लागणीची तारीखच लिहून ठेवली नसेल, तर आठ आठवडे झाले हे कळायचे कसे? "पोळ्याच्या आसपास लावला होता बघा," असे सांगणारे सभासद पुष्कळ भेटतात. तारखेचा हा घोळ पुढे तोडणीच्या पाळीपर्यंत जातो. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात. नोंद चुकली की पाळी चुकली, आणि मग शेतकी विभागाच्या दारात तंटा. लागणीचा दिवस, जात, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या, वजनकाट्याच्या पावत्या, एवढे रोज रात्री जेवणाआधी लिहायला पाच मिनिटे पुरतात. हिशेब घरच्या लक्ष्मीने लिहिला तर तो बहुधा जास्त चोख असतो, हेही सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट वाचनाची. संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. अहवाल घरी येतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यात भजी बांधली जातात! शेअर कितीही असोत, सहकारात एका सभासदाला एकच मत. ते मत "मंजूर, मंजूर" म्हणण्यात घालवायचे, की ताळेबंद वाचून दोन प्रश्न आधी लेखी द्यायचे, हे ज्याने-त्याने ठरवावे.

प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला, तेव्हा अध्यक्ष होते गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, तर उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील. एक गाढे अर्थशास्त्रज्ञ, दुसरे जेमतेम चार यत्ता शिकलेले. विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भागभांडवल उभे केले. एकेका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची शंका ऐकायची, हे चिकाटीचे काम होते. आमच्या मते नुसत्या भाषणांनी ते भांडवल जमले नसते.

आता थोडे बोचणारे. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. पडून राहिला की वजनही घटते, साखरही घटते. म्हणून पाळी सांभाळणे हा सगळ्यांच्याच पैशाचा प्रश्न आहे. संचालकाच्या मेव्हण्याच्या फडात टोळी आधी गेली, की ती गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावांत पोचते. मग त्या संचालकाने सभेत शिस्तीवर कितीही बोलावे, ऐकणार कोण? पाहुण्याला चहा पाजून "भाऊ, तुमची पाळी आली की टोळी येईल," असे सांगणे सोपे नाही. पहिल्या वर्षी पाहुणा रुसतो. दुसऱ्या वर्षी तो तारीख विचारायला येतो, पाळी पुढे घ्या म्हणायला नव्हे.

सोसायटीचा चेअरमन असो की पाणीवाटपाचा प्रमुख, दहाची बैठक दहालाच सुरू करून पाहावी. दोन बैठकांना तिघेच असतील. तरी कामकाज लिहून, सह्या घेऊन मोकळे व्हावे. तिसऱ्या वेळी मंडळी पावणेदहालाच चपला काढताना दिसतील.

लागणीच्या नोंदीला गटकार्यालयात याल तेव्हा वही बरोबर आणावी. चिटबॉयच्या नोंदीशी तारीख तिथेच ताडून घ्यावी.