ब्लॅकजॅकमधील परताव्याचे प्रमाण आणि खेळाडूचे नुकसान : एक गणिती विवेचन

प्रस्तावना

द्यूत आणि द्यूतातून ओढवणारी हानी हा विषय भारतीय समाजाला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची व्यथा आली आहे, तर महाभारताच्या कथेला द्यूतप्रसंगानेच निर्णायक वळण मिळते. प्राचीन द्यूतात फाशांच्या लबाडीची भीती असे. आधुनिक कॅसिनोत अशा लबाडीची गरजच उरत नाही, कारण कॅसिनोचा नफा खेळाच्या नियमांतच बांधलेला असतो. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातील परताव्याचा एक लहानसा नियम खेळाडूचे किती नुकसान करतो आणि ते त्याच्या लक्षात का येत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थानिक संदर्भ

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. राज्याने १९७६ साली कॅसिनोविषयक कायदा संमत केला होता. परंतु तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गोव्यात मात्र १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमात १९९० च्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यांत्रिक खेळांना आणि नौकांवरील मेजांच्या खेळांना वाट मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो-नौका हे त्याचे दृश्य फलित होय. फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील रहिवाशांना या कॅसिनोंत खेळण्यास मनाई करण्यात आली. साहजिकच मेजावर बसणारा खेळाडू हा प्रामुख्याने बाहेरून आलेला पर्यटक असतो.

वाकड, हिंजवडी व पिंपरी-चिंचवड परिसरातील नियमित वेतन मिळवणारा तरुण वर्ग मुंबई-बंगळूर महामार्गाने एका रात्रीत गोव्याला पोहोचू शकतो. या वर्गातील अनेकांनी अभियांत्रिकी वा वाणिज्य शाखेत संभाव्यतेचा अभ्यास केलेला असतो. तरीही पुढे मांडलेला हिशेब मेजावर बसताना क्वचितच केला जातो. म्हणून हा विषय अध्यापकांच्याही विचाराचा आहे.

नियमाचे स्वरूप

ब्लॅकजॅकमध्ये पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा अधिक गुण मिळवावयाचे असतात. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहा गुणांचे पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) आले, तर त्यास ‘ब्लॅकजॅक’ म्हणतात. परंपरागत नियमानुसार यावर तीनास दोन या प्रमाणात, म्हणजे पणाच्या दीडपट, बक्षीस मिळते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील लास व्हेगास येथे सहास पाच हा दर पसरू लागला. कॅसिनोला तो किफायतशीर ठरल्याने पुढे त्याचा प्रसार वाढत गेला.

सहा आणि पाच हे आकडे तीन आणि दोन यांपेक्षा मोठे दिसतात आणि येथेच पहिली फसगत होते. दोन्ही प्रमाणांचा छेद समान केला की चित्र स्पष्ट होते : तीनास दोन म्हणजे पंधरास दहा, तर सहास पाच म्हणजे बारास दहा. ५०० रुपयांच्या पणावर पहिल्या नियमाने ७५० रुपये मिळतात, दुसऱ्याने ६००. प्रत्येक ब्लॅकजॅकमागे १५० रुपये, म्हणजे पणाचे तीन दशांश, कमी पदरात पडतात.

नुकसानीचे गणित

असा डाव किती वेळा येतो हे पाहू. सहा कॅट एकत्र पिसून खेळ होतो असे मानले, तर एकूण ३१२ पाने, त्यांत २४ एक्के आणि दहा गुणांची ९६ पाने असतात. पहिल्या दोन पानांत ब्लॅकजॅक येण्याची संभाव्यता सुमारे ४.७५ टक्के, म्हणजे साधारण २१ डावांत एकदा इतकी येते. त्याच वेळी डीलरलाही ब्लॅकजॅक आल्यास पण केवळ परत मिळतो. असे प्रसंग वगळल्यास बक्षीसपात्र ब्लॅकजॅकची संभाव्यता सुमारे ४.५३ टक्के उरते. तिला ०.३ ने गुणले असता १.३६ टक्के हे उत्तर मिळते. नियमातील बदलामुळे खेळाडूवर पडणारा हा जादा भार होय.

हा आकडा लहान वाटतो. तथापि त्याची तुलना मूळ भाराशी करावयास हवी. बाल्डविन, कँटी, मेझेल व मॅकडरमॉट या चौघांनी १९५६ साली या खेळाची इष्टतम पद्धत गणिताने मांडली आणि १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प यांच्या ग्रंथाने हा विषय सर्वतोमुखी झाला. अशा पद्धतीने बिनचूक खेळल्यास अनुकूल नियमांच्या मेजावर कॅसिनोचा अंगभूत लाभ अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सहास पाच या दराने तोच जवळजवळ १.९ टक्क्यांवर जातो, म्हणजे पावणेचारपट होतो. बक्षीस समसमान, म्हणजे एकास एक, दिले जात असेल तर जादा भार २.२७ टक्के होतो. वर्षानुवर्षे अभ्यासून कमावलेले कौशल्य मेजावरच्या एका छापील ओळीने निष्प्रभ होते.

एक उदाहरण घेऊ. तासाला ६० डाव याप्रमाणे चार तासांत २४० डाव झाले आणि प्रत्येक डावाला ५०० रुपये लावले, तर एकूण उलाढाल १,२०,००० रुपयांची होते. अर्ध्या टक्क्याने अपेक्षित तोटा ६०० रुपये. सहास पाचच्या नियमाने त्यात सुमारे १,६३० रुपयांची भर पडून तो २,२३० रुपयांच्या घरात जातो.

‘इन्शुरन्स’ या उपपणाचेही असेच आहे. डीलरचे उघडे पान एक्का असताना, झाकलेले पान दहा गुणांचे निघेल यावर दोनास एक दराने हा पण घेतला जातो. तो समतोल ठरण्यासाठी संभाव्यता एक तृतीयांश हवी. सहा कॅटमध्ये केवळ तो एक्का दिसत असताना ती ३११ पैकी ९६, म्हणजे ३०.९ टक्के असते. परिणामी या पणात कॅसिनोचा लाभ सुमारे ७.४ टक्के होतो. संरक्षणाचे नाव धारण करणारा हा पण मूळ खेळापेक्षा कितीतरी महाग असतो.

अनुभवातून हे का कळत नाही

१९६० च्या दशकापासून मुंबईत फोफावलेल्या मटक्यात आकडे दहा आणि परतावा एकास नऊ, हा हिशेब निरक्षर माणसालाही दिसतो. ब्लॅकजॅकमध्ये तो दृष्टीआड असतो. एका डावातील निकालाचे प्रमाण विचलन पणाच्या सुमारे १.१५ पट असते. २४० डावांसाठी ते सुमारे १७.८ पण, म्हणजे ८,९०० रुपये होते. इतक्या चढउतारात १,६३० रुपयांची घट सहज बुडून जाते. खेळाडू एखाद्या रात्री जिंकूनही उठतो आणि मेज चांगले असल्याचा निष्कर्ष काढतो.

१.३६ टक्क्यांचा फरक दोन प्रमाण विचलनांइतका ठळक व्हावयास सुमारे २८,६०० डाव लागतात. रोज चार तास या हिशेबाने हे जवळजवळ १२० रात्रींचे काम झाले. उलट दहा मेजे, प्रत्येकी पाच खेळाडू आणि दहा तास असा कारभार मानला, तर कॅसिनोकडे एका दिवसात ३०,००० डाव जमा होतात. बृहत्‌संख्यांचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे; पण त्याचा प्रत्यय कॅसिनोला एका दिवसात येतो आणि खेळाडूला बहुधा येतच नाही. नुकसानीचे खरे मूळ या विषमतेत आहे.

निष्कर्ष

तीनास दोन हा दर खेळाडूच्या फायद्याचा आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. त्यातही दीर्घकाळात तोटाच अटळ आहे. शिवाय चिप्ससाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर ठरवण्यात आला आहे. वरील हिशेबात तो धरलेलाच नाही. मुद्दा इतकाच की, तोट्याचा वेग मेजावरच्या नियमांनी ठरतो आणि तो आगाऊ मोजता येतो.

वर्गात संभाव्यता शिकवताना नाणी व फासे यांच्याबरोबर हे उदाहरण घेतल्यास प्रमाणांची तुलना, अपेक्षित मूल्य, विचलन आणि नमुन्याचा आकार या चारही संकल्पना एकत्र येतात. वेतन हाती पडू लागल्यावर विद्यार्थ्याला कोणत्याही योजनेतील, कर्जातील वा खेळातील छापील दर स्वतः मोजून पाहण्याची सवय लागावी, इतके साध्य झाले तरी अध्यापनाचे हे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.