शिंपल्यांची शेती आणि पाण्याचा कागद

समुद्रापासून इतक्या दूर, खानदेशात शिंपल्यांच्या शेतीविषयी बोलायचे, याचे श्रोत्यांना नवल वाटणे साहजिक आहे. पण पाणी कोणाचे, हा प्रश्न हतनूरच्या जलाशयावर आहे तसाच कोकणच्या खाडीतही आहे.

सिंधुदुर्गात बायांच्या बचत गटांनी शिनाण्यांची आणि कालवांची शेती करून पाहिली आहे. बांबूचा तराफा, त्याला लोंबणारे दोर, आणि दोराभोवती सुती कापडात गुंडाळलेले बी. कापड पाण्यात कुजून जाते. तोवर शिनाण्याने आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. (आपल्या कापसाचा असाही उपयोग होतो!) पावसाळ्यापूर्वी काढणी उरकावीच लागते, कारण गोड्या पाण्याचा लोंढा आला की खाडीचा खारटपणा उतरतो आणि पीक मरते. म्हणून परवानगी हिवाळ्याच्या आरंभी हाती पडली तर उपयोगाची. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेला दाखला त्या वर्षापुरता नुसता कागद होय.

कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. कोळंबीच्या तळ्यांनी शेते व विहिरी खारावल्या, तेव्हा डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पायबंद घातला. पुढे २००५ साली किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा झाला. विनानोंदणी धंद्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या दुरुस्तीने कैद जाऊन दंड आला, आणि शिंपले व समुद्रशैवाल व्याख्येत स्पष्टपणे आले. अर्ज जिल्हा समितीकडे करायचा, जागेची पाहणी व्हायची, आणि शेवटचा शिक्का चेन्नईच्या प्राधिकरणाचा.

परंतु नोंदणी होते ती धंद्याची. पाण्याचा तुकडा तिने मिळत नाही. बारा सागरी मैलांच्या आतली मासेमारी घटनेने राज्याकडे ठेवली आहे, तेव्हा जागा द्यायची ती राज्याने. खरी लढाई येथेच आहे. ओहोटीला तिसऱ्या वेचणाऱ्या बाईजवळ कसलाच कागद नसतो. भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावे झाला की ती आपल्याच खाडीत चोर ठरते. गोड्या पाण्याला हा केंद्रीय कायदा लागू नाही, तरी ठेका संस्थेचा आणि जाळी व्यापाऱ्याची, हा प्रकार आपले भोई बांधव ओळखतात.

म्हणून गटाने अर्ज स्वतःच्या नावे करावा, सर्व बायांची यादी जोडावी, होड्यांच्या वाटा नकाशात दाखवाव्यात. आणि अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्यावी, तारीख वाचता येईल अशी.