सत्तर पानांचं पुडकं

तेंदूची सत्तर पानं एकावर एक रचून बांधली की एक पुडकं होतं. अशी हजार पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी, सत्तर हजार पानं. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात याच मापात माणसांची कमाई मोजली जाते. पहाटे अंधारात घरातली बाई जंगलात शिरते, ऊन चढायच्या आत पानांचं ओझं घेऊन परतते आणि दुपारभर घरातले सगळे, शाळेला सुट्टी लागलेली मुलंसुद्धा, पुडकी बांधत बसतात. संध्याकाळी ती फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, जातात. तिथे मुन्शी मोजतो. शंभरामागे काही पुडकी जादा घ्यायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि त्या जादा पुडक्यांचा हिशेब कुणी विचारत नव्हतं.

हा हिशेब विचारायला सुरुवात कशी झाली, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

विषमतेची चर्चा बहुतेक वेळा मोठ्या आकड्यांपासून सुरू होते. थॉमस पिकेटी, लुकास शॉन्सेल, नितीन कुमार भारती आणि अनमोल सोमंची यांनी 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार 2022-23 साली भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के आणि संपत्तीतला 40.1 टक्के वाटा होता. आकडे हादरवणारे आहेत, पण ही दरी रोजच्या व्यवहारात नेमकी कुठे पडते ते त्यातून दिसत नाही. विडीच्या पानाचा, म्हणजे याच तेंदूच्या पानाचा, प्रवास पाहिला की ते दिसतं. पान तोडणारी एक, विडी वळणारी दुसरी, आणि दोघींच्या मध्ये ठेकेदार, गोदाम, विडीचं काम वाटणारा सट्टेदार आणि कारखानदार. भाव ठरवायचा अधिकार मधल्यांच्या हातात, आणि मजुरी ही दोन्ही टोकांना मिळेल तेवढी.

गोंदियाचं व्यापारी वैभव उभं राहिलं ते रेल्वे, धान, जंगल आणि विडी यांवर. बंगाल-नागपूर रेल्वेने हे गाव मोठं जंक्शन केलं, गुजरातमधून विडीचे व्यापारी आले, आजूबाजूच्या खेड्यांत घरोघर सूप मांडीवर घेऊन विडी वळणाऱ्या बायका दिसू लागल्या. मनोहरभाई पटेल याच धंद्यातून वर आले, आमदार झाले आणि 1958 मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. तिच्या शाळा-कॉलेजांतून या भागातल्या पिढ्या शिकल्या, हे मान्य करायलाच हवं. पण शाळा निघाली म्हणून विडी वळणारीच्या मजुरीचा प्रश्न सुटला नाही. वळून नेलेल्या विड्यांतली ‘छाट’ बाजूला काढायची, तिचे पैसे द्यायचे नाहीत आणि ती विडी मात्र ठेवून घ्यायची, ही तक्रार देशभरातल्या विडी कामगारांची होती. 1966 मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी केंद्राचा वेगळा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं गेलं. कागदावर ही मोठीच मजल होती. अंमलबजावणी मात्र सट्टेदाराच्या ओसरीपर्यंत क्वचितच पोचली.

बदल हवा, ही भावना या जिल्ह्याला नवी नाही. 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. दोन जागांच्या त्या मतदारसंघात राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागेवर मात्र समाजवादी नेते अशोक मेहता जिंकले. त्याच्या थोडं आधी, 1950 च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशातली, म्हणजे इथलीही, मालगुजारी गेली होती. मालगुजारांचे तलाव आणि जंगलं सरकारजमा झाली. गावकऱ्यांना वाटलं होतं, आता हे आपलं. प्रत्यक्षात मालगुजाराच्या जागी सरकारी खातं आलं.

पुढे 1969 हे वर्ष महाराष्ट्रासाठी विलक्षण ठरलं. त्या एकाच वर्षी राज्यात दोन कायदे झाले. माथाडी कायद्याने ओझी वाहणाऱ्या हमालाला मंडळ दिलं, मजुरीची हमी दिली, भविष्य निर्वाह निधी दिला. वनोपज व्यापाराच्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतला. खासगी व्यापाऱ्याच्या लुटीला आळा बसावा, हा त्यामागचा विचार होता. पण जंगलाचे गट पाडून त्यांचे लिलाव सुरू झाले आणि गट पुन्हा ठेकेदारांनीच घेतले. पान तोडणाऱ्यांना मजुरी मिळे, रॉयल्टी, म्हणजे ठेकेदाराने पानांसाठी मोजलेली रक्कम, सरकारकडे जाई. रॉयल्टीतून खर्च वजा करून उरेल ते बोनस म्हणून वाटायची पद्धत पुढे आली, पण तो बोनस किती आणि कधी येणार, हे ठरवण्यात पान तोडणारीला जागा नव्हती.

खरी कलाटणी मिळाली ती 2006 च्या वनहक्क कायद्याने. जंगलात राहणाऱ्या आदिवासी व इतर पारंपरिक समाजांचा जंगलावरचा सामूहिक हक्क या कायद्याने मान्य केला. बांबू आणि तेंदू ही गौण वनोपज असून त्यांची मालकी ग्रामसभेची आहे, हेही स्पष्ट केलं. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावाने 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि गावचे नेते देवाजी तोफा व कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तो वापरून दाखवला. 2011 च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत गावाला बांबू वाहतुकीचा परवाना मिळाला. 2012 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवाना ग्रामसभाच देऊ शकते, हे निश्चित झालं. लगेच 2013 च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी स्वतःच तेंदूपान विकायचं ठरवलं. विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेसारख्या संस्था त्यांच्या पाठीशी होत्या.

गोंदिया जिल्हा आदिवासी क्षेत्रांसाठीच्या, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे गडचिरोलीच्या गावांना अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा जो दुसरा आधार आहे, तो देवरी तालुक्यातल्या धमदीटोल्यासारख्या गावांना नव्हता. हातात होता तो फक्त वनहक्काचा कागद. एवढ्यावर ही माणसं उभी राहिली, म्हणून त्यांचं मोल जास्त.

ग्रामसभेची विक्री म्हणजे नेमकं काय? टोल्यावरच्या सभेत ठराव होतो, वर्तमानपत्रात निविदेची जाहिरात जाते, लिफाफे सगळ्यांसमोर उघडले जातात. व्यापारी आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या बँक खात्यात भरतो. फळीवर मोजणारा मुन्शी आता गावातलाच मुलगा असतो, आणि जादा पुडक्याची पद्धत चालू ठेवायची की नाही, याचा निर्णयही सभाच करते. मजुरी आणि रॉयल्टी या दोन वेगळ्या रकमा आहेत, हे पान तोडणाऱ्या बाईला तोंडपाठ असतं. माझ्या मते या सगळ्या बदलातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. पैसे वाढले हे खरंच, पण पैसे कुठून येतात आणि कुठे जातात हे ज्याला कळलं, त्याला पुन्हा गप्प बसवणं कठीण जातं. पुढे 2022 मध्ये राज्य सरकारनेही खर्च न कापता संपूर्ण रॉयल्टी मजुरांना द्यायचा निर्णय घेतला. वनविभागामार्फत विकणाऱ्या गावांनाही त्यामुळे लाभ झाला.

अडचणी कमी नाहीत. 2017 मध्ये तेंदूला चढा भाव आला, पुढच्याच हंगामात व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. व्यापारी आपसांत ठरवून कमी बोली लावतात, कधी पैसे थकवतात. गावाकडे गोदाम नाही आणि पान थांबत नाही, भिजलं की मातीमोल. 2017 पासून पानावर 18 टक्के जीएसटी होता, तो 2025 च्या सप्टेंबरमध्ये 5 टक्क्यांवर आला. शिवाय विडी हे फुप्फुस पोखरणारं व्यसन आहे आणि त्याची मागणी कायम टिकावी अशी इच्छा कुणी बाळगू नये. म्हणून ग्रामसभांनी मोह, हिरडा, डिंक, बांबू यांच्याकडे वळायला हवं.

आणि ज्यांच्याकडे जंगलच नाही त्यांचं काय? गोंदिया शहराला खेटून असलेल्या मुर्रीसारख्या गावात सामूहिक हक्काचा दावा करायला जंगल उरलेलं नाही. देवरीचं जंगल इथून साठ-सत्तर किलोमीटरवर. शहरालगतच्या अशा गावांतली भूमिहीन कुटुंबं रोवणीला धानाच्या बांधीत, एरवी राइस मिलमध्ये, बांधकामावर किंवा घरी विडी वळत जगतात. धानाला सरकार हमीभाव देतं, बोनसही जाहीर होतो, पण तो जमिनीच्या मालकाच्या खात्यात जातो. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या हाती फक्त रोज पडतो. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याच्यापर्यंत मालकीचा हक्क पोचवणारा कायदा अजून आलेला नाही. माथाडी कायदा त्याच्या सर्वांत जवळचा, पण राइस मिलच्या फाटकावरचा किती हमाल त्यात नोंदलेला आहे, हे प्रत्येक मिलमध्ये जाऊन विचारायला हवं.

देवरीच्या टोल्यांवर जे घडलं ते दया किंवा अनुदान म्हणून घडलं नाही. लोकांनी कायदा वाचला, दावे भरले, वनखात्याच्या पायऱ्या झिजवल्या आणि विक्रीचा अधिकार हातात घेतला. मुर्रीत आणि तिच्यासारख्या शेकडो गावांत हीच भूक आहे, तिला आधार देणारा कागद तेवढा नाही. गोंदियाच्या लोकप्रतिनिधींनी, कामगार संघटनांनी आणि हे वाचणाऱ्या सुशिक्षितांनी पहिलं काम हे करावं: शहरालगतच्या गावांतल्या प्रत्येक विडी कामगाराची, हमालाची आणि रोवणीवर जाणाऱ्या बाईची नोंदणी पुढच्या हंगामाआधी पूर्ण करून घ्यावी, आणि त्या नोंदवहीची प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी.