तुळजापूरची पदयात्रा आणि अर्धशक्ती व्यायाम

कोजागरी पौर्णिमेस धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे महाराष्ट्र व कर्नाटकातून असंख्य भाविक पायी येतात. सोलापूरपासूनचे अंतरच सुमारे ४५ कि.मी. आहे. वर्षभर बैठे काम करणाऱ्यास एवढी चाल म्हणजे अतिव्यायामच होय.

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांनाही अर्धशक्ती व्यायाम शीतकाल व वसंतातच सांगितला आहे. इतर ऋतूंत त्याहून कमी. ही पदयात्रा मात्र पित्तप्रकोपाच्या शरद ऋतूत येते. अतिव्यायामाने तृष्णा, श्वास, ज्वर, छर्दी हे विकार संभवतात.

म्हणून आम्ही असे सुचवितो की, पदयात्रेची तयारी आदल्या हेमंतातच सुरू करावी. रोज चालावे; कपाळावर व काखेत घाम, मुखशोष आणि तोंडाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे व नंतर सर्वांगास मर्दन करावे. मधुमेही व हृद्रोगी यांची तपासणी निघण्यापूर्वीच व्हावी.

औषधविक्रेत्या बंधूंनीही पायदुखीचे तेल देताना छातीत दुखते का, धाप लागते का, एवढे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास यात्रेकरूस पुढे चालू न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.