पंपाच्या पोटातली भाषा

काही वर्षांपूर्वीची रात्र. तासगाव भागातला एक तरुण शेतकरी अतिदक्षता विभागात दाखल होता. द्राक्षबागेवर फवारायचे कीटकनाशक पोटात गेलेले. सातारा-सांगलीत नोकरी केलेल्या डॉक्टरला हे चित्र पाठ असते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, अंग घामाने निथळलेले. त्यावर अ‍ॅट्रोपिन द्यायचे, आणि पहिल्या मोठ्या मात्रेनंतर ते सतत, ठरलेल्या गतीने चालू ठेवायचे. हे काम सिरिंज पंप करतो.

पहाटे तीनच्या सुमारास सिस्टरांनी हाक मारली. "सर, छाती पुन्हा भरतेय." मी पंपाकडे पाहिले. पडद्यावर आकडा बरोबर, हिरवा दिवा चालू, अलार्म नाही. सिस्टरांनी सिरिंजवर बोट ठेवले. अर्ध्या तासापूर्वी दट्ट्या जिथे होता तिथेच होता. पंप औषध देत असल्याचे सांगत होता, देत मात्र नव्हता. आम्ही हाताने अ‍ॅट्रोपिन दिले, दुसरा पंप लावला. तो तरुण दहा दिवसांनी चालत घरी गेला. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "फर्मवेअर अपडेट केलंय, आता प्रॉब्लेम येणार नाही." काय बिघडले होते, याचा कागद काही हातात आला नाही.

फर्मवेअर म्हणजे नेमके काय, हे मला समजावले माझ्या भाच्याने. तो तेव्हा सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. "मामा, तुमचा पंप म्हणजे एक मोटर, एक स्क्रू आणि एक चिप. बाकी सगळं प्लास्टिक." ही चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एकाच तुकड्यावर प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलायच्या तारा. अभियांत्रिकीची मुले ज्या आर्डुइनो उनो बोर्डावर हात साफ करतात, त्यातल्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आणि कामासाठी फक्त २ किलोबाइट स्मृती असते. मोबाइलमधला एक साधा फोटोही तिच्यात मावणार नाही. ग्लुकोमीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, डिजिटल बीपी यंत्र या सगळ्यांच्या पोटात असाच एखादा इवलासा मेंदू असतो.

त्याला शिकवायची भाषा गेली कित्येक दशके बहुधा एकच, सी. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडवली. वेगवान, आटोपशीर आणि माणसावर पूर्ण विश्वास टाकणारी. अडचण या विश्वासाचीच आहे. दहा खणांच्या कपाटातल्या अकराव्या खणात काही ठेव म्हटले, तर सी अडवत नाही. शेजारच्या कपाटात ठेवून देते. तिथे कदाचित औषधाची गती लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशाच गोंधळातून येतात. ही गोष्ट मोठ्या संगणकांची. पंपातल्या चिपवर तर अनेकदा कार्यप्रणालीही नसते, म्हणजे चूक पकडणारा वरचा कोणी नाही.

रस्ट ही भाषा इथे कामाला येते. मोझिला कंपनीतल्या ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ती सुरू केली. राहत्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्याने बंद पडली आणि एकविसाव्या मजल्यावर जिने चढत जावे लागले, तेव्हा या भाषेचा विचार डोक्यात आला, असे ते सांगतात. लिफ्टही मायक्रोकंट्रोलरच्याच जगातली. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली.

तिचे मुख्य सूत्र आमच्या वॉर्डातल्या मॉर्फिनच्या कपाटासारखे आहे. किल्ली एका वेळी एकाच सिस्टरकडे. ड्यूटी बदलली की किल्ली आणि मोजणी पुढच्या सिस्टरच्या ताब्यात, जुन्या सिस्टरांना आता कपाट उघडता येत नाही. नोंदवही एका वेळी कितीही जणांनी वाचावी. पण कोणी लिहीत असेल, तर त्या वेळी दुसरे कोणी वाचायचेही नाही आणि लिहायचेही नाही. रस्टमध्ये स्मृतीच्या प्रत्येक तुकड्याला असा एकच मालक असतो. नियम मोडला, तर प्रोग्रॅम चिपमध्ये जायच्या आधीच, लिहिणाऱ्याच्या टेबलावर अडवला जातो. अडवणारा असतो कंपायलर.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या आकडेवारीत उतरवणारा प्रोग्रॅम. भाषा कितीही शहाणी असली, तरी तुमच्या चिपसाठी कंपायलर नसेल तर ती कागदावरच. ही गोष्ट समजायला मला कृष्णेची मदत झाली. कृष्णा आणि कोयना कराडला एकत्र येतात, तिथून एक प्रवाह सांगलीकडे जातो आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजना त्यातून पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत नेतात. एलएलव्हीएम नावाची कंपायलर-यंत्रणा अशीच आहे. रस्ट, स्विफ्ट, सी अशा वेगवेगळ्या भाषा आधी एका समान मधल्या रूपात येतात आणि मग प्रत्येक जातीच्या चिपसाठी वेगळा कालवा निघतो. ज्या चिपचा कालवाच खोदलेला नाही, तिचे शिवार कोरडे. ही यंत्रणा २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी सुरू केली. आडवे हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी.

मोबाइलमधल्या मोठ्या चिपांना कालवे लवकर मिळाले. आर्म कॉर्टेक्स-एम या लोकप्रिय छोट्या चिपांवर २०१८ च्या अखेरीपासून रस्टची स्थिर आवृत्ती वापरता येऊ लागली. आर्डुइनोच्या एव्हीआर चिपची मात्र फरपट झाली. ती आठ बिटांची, तिची प्रोग्रॅमची जागा आणि कामाची स्मृती वेगवेगळी, आणि पैसे लावणारी कंपनी पाठीशी नाही. हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे वेगळी प्रत सांभाळत तो कालवा खोदला. २०२० मध्ये एलएलव्हीएमने एव्हीआरला अधिकृत यादीत घेतले आणि त्याच वर्षी रस्टच्या मुख्य झाडाला ती फांदी जोडली गेली, तीही प्रायोगिक आवृत्तीतच. भाच्याने त्यावर दिवा लुकलुकवून दाखवला तेव्हा त्याच्या आईने विचारले, "एवढ्यासाठी चार रात्री जागलास?" मला मात्र त्याचे कौतुक वाटले.

हे काम आपल्याकडे अगदी अनोळखी आहे असेही नाही. रेनेसस या जपानी कंपनीच्या मायक्रोकंट्रोलरसाठी जीसीसी या खुल्या कंपायलरवर आधारलेली साधने पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने तयार केली, जगभर मोफत दिली आणि वापरणाऱ्यांच्या शंकाही सोडवल्या. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीचे अंतरंग शिकवणारे केंद्र चालवले. तरीही महाविद्यालयात मुलगा कंपायलर म्हणजे परीक्षेचा एक विषय म्हणूनच शिकतो, आणि पंपात काय आहे हे विचारणारा डॉक्टर त्याला भेटत नाही. दोघांचेही त्यात नुकसान आहे.

आता डॉक्टर म्हणून माझी शंका. भाषा बदलली की पंप सुरक्षित झाला का? थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. किमान तिघे दगावले. त्यातला एक दोष असा : तपासणी हवी की नको हे सांगणारा एक आकडा दरवेळी एकाने वाढायचा. जागा एकाच बाइटची. २५५ नंतर तो पुन्हा शून्यावर यायचा, आणि शून्याचा अर्थ होता 'तपासणीची गरज नाही'. नेमक्या त्याच क्षणी बटण दाबले गेले की सुरक्षा-तपासणी टळायची. चाचणीसाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये रस्ट असे शून्यावर घसरणे पकडून थांबते. अंतिम वापरासाठी बनवताना मात्र ही तपासणी मुद्दाम चालू ठेवावी लागते, नाहीतर आकडा गुपचूप फिरतो. म्हणजे शेवटी माणसाची शिस्त आलीच.

आणि थांबायचे म्हणजे काय करायचे? चूक सापडली की रस्टचा प्रोग्रॅम 'पॅनिक' होतो. कार्यप्रणाली नसलेल्या चिपवर त्या क्षणी काय व्हावे, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. इन्सुलिन किंवा मॉर्फिनचा पंप असेल तर मोटर थांबवणे शहाणपणाचे. पण नॉरअ‍ॅड्रेनालिनवर तगलेल्या रुग्णाचा पंप थांबला, तर काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो. थांबणे केव्हा सुरक्षित आणि केव्हा घातक, हे कुठल्याच कंपायलरला कळत नाही. ते सांगायला प्रोग्रॅमरच्या शेजारी वॉर्डातला माणूस बसायला हवा. निदान मोठ्याने ओरडायचे, हे दोन्हीकडे समान. आमचा पंप त्या रात्री ओरडला नाही, याचाच मला जास्त राग आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात औषध-पंपांबाबत सुमारे ५६ हजार प्रतिकूल घटनांच्या नोंदी आल्या, ८७ वेळा पंप परत मागवावे लागले. कारणांमध्ये सॉफ्टवेअर ठळक होते. एक प्रकार असा की कळ एकदा दाबली तरी पंप ती दोनदा दाबली असे समजायचा. शून्य दोनदा उमटले तर १० चे १०० होतात! अशी चूक रस्टही पकडणार नाही, कारण स्मृतीच्या नियमांनुसार १०० हा आकडा अगदी निर्दोष आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि त्यात सॉफ्टवेअरही आले. उपकरणांमुळे झालेल्या अपायांच्या नोंदीसाठी 'मटेरिओव्हिजिलन्स' हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे; गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो. पण रात्री तीनला अडकलेल्या पंपाचा फॉर्म कोण भरतो? पंप बाजूला ठेवला जातो, दुरुस्तीवाला येतो, प्रकरण संपते. मीही त्या वेळी फॉर्म भरला नव्हता. आता भरतो, आणि त्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहितो. ती बहुतेक पंपांवर सुरू होताना क्षणभर दिसते. नातेवाइकांनीही पंप वाजला की आवाज बंद करायचे बटण दाबू नये, सिस्टरांना हाक मारावी.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. त्याच्या कंपनीत नव्या बोर्डासाठी रस्ट घ्यायचे की सी, यावर अजून वाद चालू आहे. जुना प्रोग्रॅम सीमधला आहे आणि तो ओळखणारी माणसेही. आमच्या वॉर्डात सिस्टर प्रत्येक सिरिंजवर पांढरी पट्टी चिकटवतात आणि दर तासाला दट्ट्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारून वेळ लिहितात. पंप नवा असो वा जुना.