वापरला की संपणारा पैसा

राक्षस मारला की सोन्याची नाणी खणखणत खाली पडायची, ही राक्षस मारून लूट जमवायच्या संगणकी गेमची जुनी रीत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीने २०१३ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल’ आणला, तेव्हा त्यात नाणी ठेवलीच नाहीत. राक्षसांच्या अंगातून पडायचे ते ऑर्ब, म्हणजे जादूचे गोळे. हत्यारं आणि चिलखतं घडवण्याचं, सुधारण्याचं हे साहित्य. खेळाडू याच साहित्यावर आपसात खरेदी-विक्री करतील, हे गृहीत धरूनच गेमची रचना झाली. ऑर्बना गेममध्ये अधिकृत नावही ‘करन्सी’ असंच आहे. दहा वर्षांहून अधिक काळ हा व्यवहार चालू आहे, तरी त्याबद्दलचे काही समज खेळणाऱ्यांच्या डोक्यातूनही जात नाहीत. गेमच्या निमित्ताने पैसा म्हणजे काय हे इतकं स्वच्छ दिसण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून ते समज तपासून पाहायला हवेत.

‘नाणी नाहीत, म्हणजे हा वस्तुविनिमय’

वस्तुविनिमयात माझी ढाल तुम्हाला हवी आणि तुमची तलवार मला हवी, असा योग जुळून यावा लागतो. इथे तलवारीवर भाव लावलेला असतो: इतके केऑस ऑर्ब. विकणाऱ्याला ते ऑर्ब कशावर वापरायचे नसले तरी तो घेतो, कारण उद्या त्यातून त्याला दुसरं काही घ्यायचं असतं. भाव सांगणं, देवघेव करणं आणि कमाई साठवून ठेवणं, ही पैशाची तिन्ही कामं केऑस ऑर्ब करत आला आहे. अर्थशास्त्रात याला वस्तुरूप पैसा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या छावण्यांमध्ये सिगारेटींचं असंच चलन झालं होतं. तिथे स्वतः कैदी राहिलेले अर्थतज्ज्ञ आर. ए. रॅडफर्ड यांनी १९४५ मध्ये त्यावर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. न ओढणारेही सिगारेटी घेत, ओढणारे चलन जाळून टाकत, आणि भाव त्या दोघांच्या वागण्यावर ठरत. ऑर्बचं गणित नेमकं हेच आहे.

‘ऑर्बचा उपयोग आहे, म्हणून त्याची किंमत पक्की’

सर्वांत खोल रुजलेला समज हा. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा.

आधी उपयोग पाहू. केऑस ऑर्ब दुर्मीळ वस्तूवरचे सगळे गुण पुसून टाकतो आणि नशिबाने येतील ते नवे गुण देतो. एक्झाल्टेड ऑर्ब आहे त्या गुणांत आणखी एकाची भर घालतो. कोणता गुण येईल ते पुन्हा नशिबावर. डिव्हाइन ऑर्ब गुण तेच ठेवतो, फक्त त्यांचे आकडे नव्याने पाडतो. प्रत्येक ऑर्ब वापरला की नाहीसा होतो. त्यामुळे ऑर्ब हातात आला की खेळाडूपुढे दरवेळी एकच प्रश्न असतो: हा वापरायचा की खर्चायचा? बहुतेक जण खर्चतात. पण कुठेतरी कोणीतरी तो वापरून संपवतो आहे, या भरवशावर बाकीचे तो घेतात.

हा भरवसा कशावर टेकलेला आहे, ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. तोवर मोठ्या सौद्यांचं चलन एक्झाल्टेड होतं. त्याची खरी मागणी येई ती गेममधल्या घडवणीच्या बाकावरून. हवे ते गुण शाबूत ठेवून बाकीचे बदलायची सोय तिथे मिळते, आणि तिचं मोल एक्झाल्टेडमध्ये मोजावं लागे. आवृत्ती ३.१९ मध्ये कंपनीने ते मोल डिव्हाइनमध्ये घ्यायला सुरुवात केली. सहा खाचा (सॉकेट) एकमेकींना जोडलेल्या वस्तू गेममधल्या दुकानदाराला देऊन डिव्हाइन मिळवायची जुनी वाटही त्याच वेळी बंद झाली. एक्झाल्टेडचा भाव कोसळला, डिव्हाइन वर चढला, आणि पुढे मोठे भाव डिव्हाइनमध्येच लागू लागले. एक्झाल्टेडच्या मूळ कामात तसूभरही फरक पडला नव्हता. आधीही तो एक गुण वाढवत होता, नंतरही वाढवत राहिला. ज्यांनी तो ठेव म्हणून साठवला होता त्यांची ठेव मात्र आटली. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ खेळायला खुला झाला, तेव्हा त्यात हाच एक्झाल्टेड रोजच्या किरकोळ सौद्यांचं चलन बनला, कारण तिथे तो पुष्कळ पडतो.

किंमत गोळ्याच्या पोटात नसते. तो किती पडतो, कुठे खपतो आणि नियम कोण लिहितो, यावर ती ठरते.

‘जे सर्वांत दुर्मीळ, तेच मुख्य चलन’

सर्वांत दुर्मीळ आहे तो मिरर ऑफ कलँड्रा. तो एखाद्या वस्तूची हुबेहूब प्रत काढतो, आणि त्या प्रतीत पुढे काहीच बदल करता येत नाही. बहुतेक खेळाडूंना तो उभ्या खेळात एकदाही सापडत नाही. अशा गोष्टीत रोजचे व्यवहार कसे व्हावेत? जो सगळ्यांच्या हाती थोडाथोडा येतो आणि तरी हलक्या हाताने उधळावासा वाटत नाही, तोच ऑर्ब चलनात टिकतो.

‘सोन्याऐवजी साहित्य ठेवलं की महागाईचा प्रश्न मिटला’

याचं उत्तर ब्लिझर्ड कंपनीच्या ‘डायब्लो २’ या गेमच्या इतिहासात आहे. त्या गेममध्ये सोनं होतं, पण ते उदंड पडे, आणि अंगावर बाळगायला मर्यादा होती: पात्राच्या प्रत्येक पातळीमागे १० हजार. चांगल्या वस्तूची किंमत त्यात मावेना. मग खेळाडूंनी आपणहून ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी चलन म्हणून धरली. लहान आकार, सर्व पात्रांना उपयोगी आणि सर्वांच्या ओळखीची. पुढे गेममधल्या त्रुटी वापरून लबाडांनी तिच्या बेसुमार नकला काढल्या आणि बाजार अंगठ्यांनी भरून गेला. २००३ च्या १.१० आवृत्तीत ब्लिझर्डने एक तोडगा आणला. खेळाडूंनी या अंगठ्या गेममधल्या दुकानदारांना पुरेशा संख्येने विकल्या की गेमचा खलनायक डायब्लो एका विशेष, जबर रूपात अवतरे, आणि त्याला मारणाऱ्याला खास बक्षीस मिळे. चलन खेळाडूंनी स्वखुशीने नष्ट करावं म्हणून योजलेली ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते. नंतर तिथे चलनाची जागा रूननी घेतली. हे रून वस्तूंमध्ये बसवायचे दगड, म्हणजे पुन्हा घडवणीचंच साहित्य.

पाथ ऑफ एक्झाइलमध्ये ऑर्ब वापरात जळतात, त्यामुळे साठा आपोआप काही प्रमाणात घटत राहतो. पण राक्षस मेले की नवे ऑर्ब पडतच असतात. म्हणूनच कंपनी दर काही महिन्यांनी नवी ‘लीग’ सुरू करते. तिथे सगळ्यांची झोळी रिकामी असते आणि बाजार शून्यापासून उभा राहतो. तरीसुद्धा एका लीगच्या आतही भाव हलतात. पहिल्या दिवसांत डिव्हाइन थोड्या केऑसला मिळतो. आठवडे सरतात तसे केऑसचे ढीग साठतात, बारीक सुधारणा करणारे वाढतात, आणि डिव्हाइन सहसा महागत जातो.

‘कंपनीच ऑर्ब विकते’

कंपनी ऑर्ब विकत नाही. गेम फुकट आहे. कमाई होते ती शोभेच्या वस्तूंवर आणि सामान ठेवायच्या जादा कप्प्यांवर. त्यात ऑर्बसाठीचा खास कप्पाही आला, आणि गंभीरपणे व्यापार करायचा तर असे कप्पे जवळजवळ लागतातच, हेही स्पष्ट सांगायला हवं. खऱ्या पैशांत ऑर्ब विकणारे लोक बाहेरचे असतात. त्यांच्याकडून घेणं नियमाबाहेरचं आहे आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं. पालकांनी आणि मुलांनी दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

‘शेवटी सोनं आणलंच, म्हणजे प्रयोग फसला’

जुलै २०२४ च्या ‘सेटलर्स ऑफ कलगूर’ लीगपासून गेममध्ये सोनं पडू लागलं, हे खरं. पण ते दुसऱ्या खेळाडूला देताच येत नाही. त्याच लीगमध्ये ऑर्ब बदलून घेण्याचा बाजारही उघडला. तोवर केऑस देऊन डिव्हाइन घ्यायचा तर एकेकाला निरोप पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. आता दोघांनी समोरासमोर येण्याची गरज उरली नाही. त्या सोयीचं शुल्क सोन्यात द्यावं लागतं, आणि सोनं मिळवायला स्वतः खेळावं लागतं. नुसतं बसून सौदे करणाऱ्याला त्यामुळे लगाम बसतो. खेळाडूंमधल्या व्यापारात सोनं शुल्कापुरतंच आहे. चलनाचं काम आजही ऑर्बच करतात.

खेळणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन: लीग संपली की तुमचं सामान ‘स्टँडर्ड’ या कायम चालणाऱ्या लीगमध्ये जातं. तिथे तुम्ही पुन्हा फिरकणार नसाल, तर शेवटच्या आठवड्यात ऑर्ब जपून ठेवू नका, तुमच्या आवडत्या तलवारीवर वापरून टाका.