फूड व्हॅनमधला गॅस ओव्हन पेटत नाही? या क्रमाने तपासा

व्हॅनवर पिझ्झा विकायचा विचार करताय ना? मग ओव्हन म्हणजेच तुमचा गल्ला. ऐन संध्याकाळी तो बंद पडला, की मेकॅनिक येईपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं. म्हणून दोष कुठे आहे, हे मालकालाच ओळखता आलं पाहिजे.

आधी वास घ्या. गॅसचा वास येत असेल, तर लायटर नाही, लाइटचं बटणही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, सगळे बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो व्हॅनच्या तळाशी साचून राहतो.

वास नाही? मग शेजारची शेगडी पेटवा. तीही मंद असेल, तर ओव्हनला हात लावू नका. दोष सिलिंडर, रेग्युलेटर किंवा पाइपमध्ये आहे. सिलिंडरवर बाहेरून दव किंवा बर्फ धरलाय? म्हणजे एका सिलिंडरवर बर्नर जास्त झाले. द्रवाचा गॅस होताना उष्णता लागते, सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो. एखादा बर्नर बंद करा. गरम पाणी अजिबात ओतू नका.

शेगडी छान चालते, पण ओव्हनचा नॉब सोडला की ज्योत विझते? बहुतेक वेळा हा थर्मोकपलचा प्रॉब्लेम असतो. त्याचं टोक ज्योतीत तापलं की काही मिलीव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोक गार, तर गॅस बंद. ज्योत विझल्यावर गॅस गळू नये म्हणूनच ही सोय. नॉब वीसेक सेकंद दाबून धरून बघा. तरी विझली, तर ओव्हन थंड करून टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसा. फरक नाही पडला, तर पार्ट बदलून घ्या. टोक बांधून किंवा नॉब अडकवून जुगाड करायचा नाही!

ज्योत पिवळी, भांड्याला काजळी? हवा कमी पडतेय. बर्नरमधला कचरा साफ करा, पण जेटमध्ये सुई घालू नका. भोक मोठं होतं. बंद व्हॅनमध्ये अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. खिडकी उघडी ठेवा.

एक जादा थर्मोकपल गाडीत ठेवा, आठवड्याला साबणाच्या पाण्याने जोड तपासा. आणि घरगुती सिलिंडर धंद्याला वापरू नका, १९ किलोचा कमर्शियलच घ्या. दोन पैसे वाचवायला जाऊन माल जप्त झाला, तर परवडणार आहे का?